यंत्र तेच, डिस्क नवी

व्यापारी घरात घसारा हा शब्द नव्याने शिकवावा लागत नाही. दुकानातील काटा असो, गोदामातील टेम्पो असो वा गिरणीतील मोटर असो, प्रत्येक वस्तू खरेदीच्या दिवसापासूनच झिजू लागते आणि ती झीज दरवर्षी खर्ची पडते, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. मात्र वहीत संपूर्ण यंत्रावर एकच दर लावला जातो. प्रत्यक्षात यंत्राचे सर्व भाग एकाच वेगाने झिजत नाहीत. टेम्पोचा सांगाडा वीस वर्षे टिकतो, टायर मात्र काही वर्षांतच उतरतात. म्हणून शहाणा मालक टायर बदलतो, टेम्पो भंगारात देत नाही.

हा साधा विवेक आपण इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाबतीत मात्र सहसा वापरत नाही. एखादी वस्तू बंद पडली की ‘आता हे मॉडेल येत नाही’ एवढे एक वाक्य ऐकून आपण ती टाकून देतो. तिच्यातील नेमका कोणता भाग संपला, तो बदलता येईल का, आणि त्या भागाबरोबर आपले आणखी काय जाणार आहे, हे तीन प्रश्न विचारण्याचे राहूनच जाते. वाचकहो, या वेळी हे तीन प्रश्न एका खऱ्या उदाहरणावरून तपासून पाहू. उदाहरण आहे मोटारीत बसवायच्या एका संगीतयंत्राचे आणि त्यातील हार्ड डिस्क बदलण्याचे. विषय वरकरणी हौशी तरुणांचा वाटेल. परंतु त्यात मालमत्तेच्या सांभाळाचा जो धडा आहे, तो दुकानदारालाही तितकाच उपयोगी आहे.

केंब्रिजची पेटी

इंग्लंडमधील केंब्रिज येथील एम्पेग नावाच्या छोट्या कंपनीने १९९९ साली मोटारीच्या रेडिओच्या खाचेत बसणारे एक यंत्र विक्रीस आणले. त्या काळी मोटारीत कॅसेट वाजत असे. ज्यांना परवडे त्यांच्याकडे सीडी असे. एका सीडीत साधारण ७४ मिनिटांचे संगीत मावते. एम्पेगच्या पेटीत सीडीही नव्हती आणि कॅसेटही नव्हती. तिच्या पोटात लॅपटॉप संगणकात वापरतात तशी अडीच इंची हार्ड डिस्क होती आणि त्या डिस्कवर एमपी-३ या आटोपशीर स्वरूपात शेकडो तासांचे संगीत साठवता येत असे. आज खिशातील मोबाइलमध्ये हे सारे सहज मावते. परंतु ॲपलचा पहिला आयपॉड २००१ च्या अखेरीस आला, हे लक्षात घेतले म्हणजे या पेटीचे नावीन्य कळते.

पेटीची रचना विचारपूर्वक केलेली होती. आत स्ट्राँगआर्म जातीचा प्रोसेसर आणि लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली होती. दोन हार्ड डिस्क बसतील एवढी जागा ठेवलेली होती. संपूर्ण पेटी मोटारीतून ओढून काढून घरात नेता येई. घरच्या संगणकाला जोडून तिच्यात नवी गाणी भरायची आणि सकाळी पुन्हा खाचेत सरकवायची, अशी तिची दिनचर्या असे. गाणे वाजवताना पेटी त्याचा पुढचा भाग आधीच आपल्या स्मृतीत उचलून घेई आणि डिस्क थांबवून ठेवी. रस्त्यावरच्या खड्ड्यांपासून डिस्कला जितका वेळ विश्रांती मिळेल तितके बरे, हा त्यामागील हेतू होता.

ही कंपनी २००० च्या नोव्हेंबरात सॉनिकब्लू या अमेरिकन कंपनीने विकत घेतली आणि पेटी ‘रिओ कार’ या नावाने विकली जाऊ लागली. पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, तिचे उत्पादन थांबले. मार्च २००३ मध्ये सॉनिकब्लूने दिवाळखोरीचा अर्ज केला. रिओ हे नाव डी अँड एम होल्डिंग्ज या जपानी समूहाकडे गेले आणि २००५ मध्ये त्यांनीही संगीतयंत्रांचा हा धंदा बंद केला. सहा-सात वर्षांच्या आत जन्मदाती कंपनी विकली गेली, विकत घेणारी बुडाली आणि तिच्याकडून घेणारी बाजारातून बाहेर पडली. बँकेच्या भाषेत सांगायचे तर मूळ कर्जदारही नाही आणि जामीनदारही नाही.

असे असूनही या पेट्या त्यानंतर कित्येक वर्षे मालकांच्या मोटारींत वाजत राहिल्या. याचे एक मुख्य कारण असे की त्यांतील सर्वांत आधी झिजणारा भाग, म्हणजे हार्ड डिस्क, कोणत्याही संगणकाच्या दुकानात मिळणारा होता.

डिस्क आधी का जाते?

हार्ड डिस्क हे घड्याळापेक्षाही नाजूक यंत्र आहे. आत एक किंवा अधिक तबकड्या फिरत असतात. त्या काळच्या लॅपटॉपमधील अनेक डिस्कांत मिनिटाला ४२०० वेळा. त्यांच्यावरून मजकूर वाचणारे बारीक डोके हवेच्या इतक्या पातळ थरावर तरंगते की माणसाच्या केसाची जाडी त्याच्यापुढे हजारपट मोठी ठरावी. धक्का बसला आणि डोके तबकडीला टेकले, तर तेथील नोंद कायमची पुसली जाते.

मोटारीत या यंत्राचे तीन शत्रू असतात. पहिला धक्का. दुसरा वारंवार चालू-बंद होणे. तिसरा, आपल्याकडे सर्वांत प्रबळ, उष्णता. लॅपटॉपसाठी बनवलेल्या डिस्कला चालू स्थितीत साधारण ५५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंतचे तापमान सोसावे अशी अपेक्षा असते. मे महिन्यात जळगाव किंवा अकोल्यात काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ही मर्यादा सहज ओलांडली जाते. त्यामुळे मोटारींसाठी खास टिकाऊ डिस्कही पुढे निघाल्या; हिताची कंपनीची एंड्युरास्टार ही मालिका ८५ अंशांपर्यंत चालेल अशी बनवलेली होती. परंतु त्यांची साठवण कमी होती आणि त्या सर्वत्र मिळत नसत. तेव्हा बहुसंख्य मालकांनी साधी लॅपटॉपची डिस्कच वापरली, आणि ती ठरावीक काळाने बदलायची हे गृहीत धरले. मला हा हिशेब योग्य वाटतो. टायर न झिजणारा असावा हा आग्रह धरण्यापेक्षा तो वेळेवर बदलावा, हे अधिक व्यवहार्य आहे.

डिस्क बदलण्याचे दुसरे कारण जागेचे. त्याचा हिशेब वाचकांनी एकदा स्वतः करून पाहावा, म्हणजे विक्रेत्याच्या आकड्यांनी भुलायला होत नाही. एमपी-३ गाणे सेकंदाला १२८ किलोबिट या दराने साठवले असेल, तर एका तासाला सुमारे ५८ मेगाबाइट जागा लागते. म्हणजे २० गिगाबाइटच्या डिस्कवर अंदाजे ३४५ तासांचे संगीत. तेच गाणे अधिक चांगल्या प्रतीने, ३२० किलोबिट दराने साठवले, तर तासाला १४४ मेगाबाइट लागतात आणि त्याच डिस्कवर जेमतेम १४० तास मावतात. सीडीवरचे मूळ संगीत काहीही न गाळता जसेच्या तसे उतरवले, तर तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट लागतात. मग ३१ तासांतच डिस्क भरते. गाणी वाढली म्हणून नव्हे, तर कान चोखंदळ झाले म्हणूनही जागा अपुरी पडते.

येथेच आणखी एक बारीक फरक सांगून ठेवतो. डिस्क बनवणारा एक गिगाबाइट म्हणजे १०० कोटी बाइट मोजतो. विंडोजसारखी संगणकप्रणाली मात्र १०७ कोटी ३७ लाखांहून अधिक बाइटांना एक गिगाबाइट म्हणते. म्हणून १६० गिगाबाइटची म्हणून घेतलेली डिस्क संगणकावर १४९ दिसते. यात फसवणूक नाही; दोघांची मापे वेगळी आहेत. पक्का शेर आणि कच्चा शेर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे लगेच उमगेल.

खतावणी आणि पृष्ठांक

आता प्रत्यक्ष बदलाकडे वळू. वरवर पाहता काम सोपे आहे: पेटी उघडायची, जुनी डिस्क काढायची, नवी बसवायची. परंतु नवी कोरी डिस्क बसवून पेटी चालू केली, तर ती जागी होते आणि तेथेच अडते. कारण पेटीच्या कायम स्मृतीत प्रणालीचा फक्त गाभा असतो. उरलेली प्रणाली आणि सारे संगीत डिस्कवर असते. म्हणून नव्या डिस्कवर आधी कप्पे आखावे लागतात. हे काम करणारी एक छोटी आज्ञावली संगणकावरून, सिरियल केबलच्या मार्गे, पेटीत पाठवायची. तिने कप्पे पाडले की मग वादनाची मूळ आज्ञावली चढवायची. त्यानंतर संगीत. वही घेतली, पाने आखली, खाती उघडली आणि मगच शिल्लक उतरवली, असा हा क्रम आहे. तो उलटा करता येत नाही.

संगीत उतरवताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. या पेटीत गाणी त्यांच्या नावाने ठेवलेली नसतात. प्रत्येक गाण्याला एक क्रमांक असतो. त्या क्रमांकाच्या एका फाइलमध्ये गाणे असते आणि तिच्या जोडीच्या दुसऱ्या छोट्या फाइलमध्ये गाण्याचे नाव, गायक, संग्रहाचे नाव इत्यादी तपशील असतात. मालकाने केलेल्या गाण्यांच्या याद्यांतही गाणे नसते. असतो तो फक्त क्रमांक. रोजकीर्दीतील नोंदीसमोर खतावणीचा पृष्ठांक लिहिलेला असतो, तसाच हा प्रकार. पृष्ठांक बरोबर असेल तोवर सारे सुरळीत. पाने फाडून वेगळ्या क्रमाने शिवली, तर प्रत्येक रक्कम शाबूत असूनही हिशेब कोणालाच लागत नाही. तेव्हा गाण्याची फाइल उचलली आणि तपशिलाची तशीच राहिली, तर नव्या डिस्कवर आवाज असेल, पण तो कोणाचा हे यंत्राला सांगता येणार नाही.

ज्यांच्या पेटीत दोन डिस्क होत्या, त्यांच्या बाबतीत ही काळजी दुप्पट. दोन्ही डिस्कांवरील गाणी मिळून एकच संग्रह दिसे. कोणते गाणे कोणत्या डिस्कवर आहे हे ऐकणाऱ्याला कळत नसे आणि कळण्याची गरजही नसे. परंतु त्यांतील एक डिस्क विचार न करता काढली, की यादीतील गाणी इकडून तिकडून गळालेली दिसत. एकत्र कुटुंबाच्या व्यवसायात दोन भावांच्या नावावर खाती विभागलेली असावीत आणि एकाचेच पासबुक पाहून कोणी ताळेबंद मांडावा, तसे ते होई.

किती वेळ लागेल, हेही आधी मोजावे. पेटीला जोडण्याचे मार्ग तीन होते. सिरियल केबलने सेकंदाला सुमारे साडेअकरा किलोबाइट जातात. त्या मार्गाने २० गिगाबाइट हलवायचे म्हटले तर वीस दिवस लागतील. म्हणून ती केबल केवळ सुरुवातीच्या आखणीपुरती. जुन्या यूएसबी मार्गाने, कागदावरचा पूर्ण वेग मिळाला असे मानले तरी, पावणेचार तास. आणि नंतरच्या पेटीत असलेल्या नेटवर्कच्या तारेने साडेचार तास. प्रत्यक्षात याहून अधिकच वेळ लागतो. त्यामुळे कित्येक जण दोन्ही डिस्क बाहेर काढून थेट संगणकाला जोडत आणि तेथेच प्रत करत. हा मार्ग जलद आहे. मात्र त्यात एक खाच आहे. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत काढली, तर तिच्या कप्प्यांची मापेही हुबेहूब उतरतात. मग १०० गिगाबाइटची नवी डिस्क घेऊनही वापरायला मिळतात जुनेच २०. बाकीची जागा सातबाऱ्यावर न चढलेल्या जमिनीसारखी पडून राहते. म्हणून आधी नव्या मापाचे कप्पे आखावेत आणि मग फाइली उतरवाव्यात.

चार सावधगिरीच्या गोष्टी

पहिली गोष्ट जोडणीची. या डिस्कांना ४४ बारीक पिना असतात, दोन मिलिमीटर अंतरावर, दोन रांगांत. वीजपुरवठाही त्यांतूनच होतो. शेजारी, थोडे अंतर सोडून, आणखी चार पिना असतात. त्या डिस्क पहिली की दुसरी हे ठरवण्यासाठी. घाईने केबल एक घर सरकून बसली, तर वीज भलत्याच पिनेला जाते आणि नवी डिस्क पहिल्याच क्षणी निकामी होऊ शकते. चांगल्या उजेडात, पिना मोजून केबल बसवावी. दोन डिस्क असतील तर एक पहिली आणि एक दुसरी अशी खूण त्या चार पिनांवर बरोबर केलेली असली पाहिजे. दोन्हींनी आपण पहिल्या असल्याचे सांगितले तर यंत्राचा गोंधळ होतो.

दुसरी गोष्ट जातीची आणि जाडीची. जुन्या यंत्रांना आयडीई जातीची डिस्क लागते. नंतर आलेल्या साटा जातीच्या डिस्कची पिनांची ठेवण निराळी असल्याने ती त्यात बसत नाही. शिवाय काही डिस्क साडेनऊ मिलिमीटर जाडीच्या, काही साडेबारा. तीन मिलिमीटरसाठी झाकण दाबून बसवणे म्हणजे डिस्कवर कायमचा भार ठेवणे.

तिसरी गोष्ट कमाल मर्यादेची. जुन्या आयडीई पद्धतीत डिस्कवरील जागांचे पत्ते २८ अंकी द्विमान संख्येत लिहिले जात. प्रत्येक पत्त्यावर ५१२ बाइट. गुणाकार केला की सुमारे १३७ गिगाबाइट ही हद्द येते. त्यापलीकडची जागा असली, तरी जुन्या प्रणालीला ती दिसत नाही, कारण तिला तेवढा मोठा पत्ता लिहिताच येत नाही. या जातीची अडीच इंची डिस्क पुढे ३२० गिगाबाइटपर्यंत निघाली खरी. पण यंत्राची प्रणाली त्या मापाला पुरी पडते का, हे खरेदीपूर्वीच पाहावे लागते. मोठे ते चांगले, हे येथे लागू पडत नाही.

चौथी गोष्ट मी सर्वांत महत्त्वाची मानतो: ताळा. आमच्या बँकेत संगणक येण्यापूर्वी लेजर भरले की शिल्लक नव्या लेजरमध्ये ओढली जाई. एक कारकून आकडा उतरवी, दुसरा तो पडताळून पाही आणि अधिकाऱ्याची आद्याक्षरी झाल्याखेरीज जुने लेजर रेकॉर्डच्या खोलीत जात नसे. डिस्कच्या बाबतीतही हाच शिरस्ता असावा. आधी जुन्या आणि नव्या डिस्कवरील फाइलींची संख्या जुळवावी. मग एकूण बाइटांची बेरीज. त्यापुढे जायचे असेल तर एमडी-५ नावाच्या पद्धतीने प्रत्येक फाइलची ३२ अक्षरांची खूण काढता येते. गाण्यातील एखादा बाइट जरी उतरताना बदलला, तरी खूण बदलते आणि चूक उघडी पडते. ही खूण संगणक स्वतःच काढतो, माणसाला फक्त दोन याद्या ताडून पाहायच्या असतात. ताळा जुळेपर्यंत जुन्या डिस्कला हात लावू नये. जुळल्यावरही ती पुसू नये. तिच्यावर तारीख लिहून कोरड्या कपाटात ठेवावी. बाजारात मिळणारे गाणे पुन्हा विकत घेता येते. परंतु घरातील लग्नात रेकॉर्ड केलेल्या मंगलाष्टका किंवा आजीच्या तोंडची ओवी त्यात असेल, तर तिची किंमत कोणत्याही विमा कंपनीला ठरवता येणार नाही.

डिस्क आजारी पडण्याची वाट पाहू नये, हेही ओघाने आलेच. खरखर वा टकटक आवाज येऊ लागला, गाणे मध्येच अडखळू लागले, पेटी सुरू व्हायला नेहमीपेक्षा अधिक वेळ लागू लागला, तर त्याच दिवशी प्रत काढावी. चालत्या डिस्कवरून प्रत काढणे हे काही तासांचे आणि घरगुती काम आहे. बंद पडलेल्या डिस्कवरून मजकूर काढणे हे प्रयोगशाळेचे काम आहे. ते महाग असते आणि यशाची हमी कोणी देत नाही.

आता बहुतेक जाणकार अशा यंत्रांत फिरती डिस्क घालतच नाहीत. कॅमेऱ्यात वापरले जाणारे कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आयडीईच्याच भाषेत बोलू शकते. छोट्या जोडपट्टीच्या साहाय्याने ते डिस्कच्या जागी बसते. त्यात फिरणारा भाग नसल्याने धक्क्याचे भय उरत नाही, आवाज नाही, वीजही कमी लागते. मात्र तेही अमर नाही. त्यावर किती वेळा लिहिता येईल याला मर्यादा असते आणि ते बंद पडते तेव्हा अनेकदा पूर्वसूचनाही देत नाही. म्हणजे झिजणारा भाग बदलला, ताळ्याचा नियम बदललेला नाही.

कुलूप कोणाच्या हाती?

या पेटीच्या दीर्घायुष्याचे श्रेय तिच्या मोकळ्या रचनेला द्यावे लागेल. लिनक्सच्या परवान्यातील अटीनुसार तिच्या प्रणालीच्या गाभ्याची संहिता खुली होती. त्यामुळे मार्क लॉर्ड या लिनक्सच्या जाणकाराने, हार्ड डिस्कसाठी लिहिलेली ज्यांची एचडीपार्म ही आज्ञावली जगभर वापरली जाते त्यांनी, या पेटीसाठी ‘हायजॅक’ नावाचा सुधारित गाभा तयार केला. त्यामुळे पेटीतील फाइली नेटवर्कवरून सरळ बाहेर काढणे शक्य झाले. कंपनी गेली, पण पेटीतील मजकूर मालकाच्या हाती राहिला. वादनाची मुख्य आज्ञावली मात्र कंपनीने खुली केली नव्हती. म्हणून तिच्यातील उणिवा तशाच राहिल्या. जेवढे मोकळे होते तेवढे सुधारले, जेवढे बंद होते तेवढे गोठले.

याच्याशी त्याच काळातील दुसऱ्या एका यंत्राची तुलना उद्बोधक आहे. अमेरिकेतील फॅटनॉइज कंपनीचे फॅटबॉक्स हे यंत्रही मोटारीत हार्ड डिस्कवरून संगीत वाजवी. केनवुड कंपनीने ते ‘म्युझिक केग’ या नावाने विकले. त्याची डिस्क एका देखण्या, काढता-घालता येणाऱ्या पेटिकेत असे. वापरायला ते एम्पेगपेक्षा सोपे होते. परंतु यंत्र आपल्या पेटिकेची डिजिटल स्वाक्षरी तपासत असे. बाजारातून आणलेली साधी डिस्क घातली तर ते तिला ओळख देत नसे. ती तपासणी चुकवण्याचा मार्ग हौशी मंडळींनी शोधून काढला, तेव्हा कोठे मालकांना स्वतःची डिस्क घालता आली. डिस्क बदलणे दोन्ही यंत्रांत शक्य होते. फरक एवढाच की एकात मालकाला परवानगी लागत नव्हती.

व्यापाऱ्याला हा फरक नीट समजतो. आपल्याच गोदामाच्या कुलपाची एकमेव किल्ली दुसऱ्याच्या खिशात असणे, याला आपण मालकी म्हणत नाही.

खरेदीपूर्वीचे प्रश्न

आज मोटारीत हार्ड डिस्क क्वचितच दिसते. गाणी पेन ड्राइव्हवरून येतात किंवा मोबाइलमधून. पण झिजणारी साठवण आपल्या भोवती पूर्वीपेक्षा अधिक आहे. दुकानातील सीसीटीव्हीच्या यंत्रात हार्ड डिस्क आहे आणि ती दिवसरात्र लिहीत असते. हिशेबाच्या संगणकात आहे. घरच्या फोटोंची जुनी डिस्क कपाटात आहे. अनेक मोबाइलमध्ये आणि काही नव्या लॅपटॉपमध्ये साठवणीची चिप थेट मुख्य पट्टीवर डाखलेली असते. ती गेली की यंत्रच गेले.

तेव्हा अशी कोणतीही वस्तू घेताना विक्रेत्याला चार प्रश्न विचारावेत. हिच्यातील कोणता भाग सर्वांत आधी झिजेल? तो भाग खुल्या बाजारात मिळतो की केवळ याच कंपनीकडे? दुसऱ्याकडून आणलेला भाग यंत्र स्वीकारते की नाकारते? आणि आत साठवलेला मजकूर मला सर्वसामान्य स्वरूपात, कोणाच्याही संमतीवाचून, बाहेर काढता येतो का? उत्तरे नकारार्थी आली म्हणून वस्तू घेऊच नये असे नाही. मात्र मग तिचा घसारा जलद धरावा आणि तिच्यात ठेवलेल्या मजकुराची दुसरी प्रत पहिल्या दिवसापासून बाहेर ठेवावी.

येत्या दिवाळीला नव्या वह्या आणाल, तेव्हा त्यांतील एका वहीचे एक पान यासाठी राखून ठेवावे. घरातील आणि दुकानातील प्रत्येक डिस्कची नोंद करावी: कोठे आहे, केव्हा घेतली, तिच्यात काय आहे, दुसरी प्रत कोठे आहे आणि ती शेवटची केव्हा पडताळली. ज्या ओळीत ‘दुसरी प्रत’ हा रकाना रिकामा राहील, त्या ओळीचे काम त्याच आठवड्यात हाती घ्यावे.